जोश्याची पत्रिका आणि कंपनीचं मॉडेल

(महाराष्ट्रातून सारनाथ आणि सीर गोवर्धनपूरच्या भेटीला आलेल्या विद्यार्थ्यांसमोर वाराणसीच्या संकठा घाटावर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



परवा रेल्वेत तुमच्यापैकी एकाने मला विचारलं, "ताई, तुम्ही मॉडेलं बनवता. अल्गोरिदमला भविष्य अचूक सांगता येईल का? येत असेल तर यंदा एमपीएससीचा फॉर्म भरू की नको तेवढं सांगा, फी तरी वाचेल." सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज इथे तासभर बसायचंच आहे, तर त्यावरच बोलते.

जागाही योग्य आहे. या घाटाच्या एका अंगाला शिंद्यांचा घाट, दुसऱ्या अंगाला थोडं पुढे भोसले घाट. ग्वाल्हेर आणि नागपूरच्या घराण्यांनी इथे दगड लावले. गागाभट्ट याच काशीचे. १६७४ साली रायगडावरच्या राज्याभिषेकासाठी त्यांना इथून यावं लागलं. ज्याने तलवारीच्या जोरावर राज्य उभं केलं, तो राजा होऊ शकतो की नाही याचा निवाडा काशीतल्या पोथीने द्यायचा! आणि मागे वर संकटा देवीचं मंदिर आहे. येणाऱ्या संकटातून सोडवणारी देवी म्हणून लोक तिच्याकडे येतात. उद्याची भीती हा या पायऱ्यांवरचा जुना धंदा आहे. त्यामुळे आपला प्रश्न इथे नवा नाही, फक्त यंत्र नवं आहे.

आधी समोरच्या नदीकडे बघा. आत्ता ती खाली आहे, पण पावसाळ्यात या पायऱ्या पाण्याखाली असतात. राजघाटाला केंद्रीय जल आयोग पाण्याची पातळी मोजतो. धोक्याची खूण ७१.२६ मीटर, आणि १९७८ च्या सप्टेंबरमध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. पाणी कधी किती चढेल याचा अंदाज आधी सांगता येतो. का? तर चंबळ, बेतवा, केन यांचं पाणी यमुनेत येतं, यमुना प्रयागराजला गंगेला मिळते, आणि तिथून ते पाणी इथे यायला वेळ लागतो. पाणी निघालेलं असतं, आपण फक्त त्याच्या आधी पोचतो. ग्रहण तर शेकडो वर्षं आधी मिनिटांसकट सांगता येतं. हवामान अवघड. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने संगणकात ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ एवढाच आकडा घातला आणि थोड्याच वेळात सगळा अंदाज वेगळ्या दिशेला गेला. म्हणून अमुक दिवशी अमुक गावात पाऊस, हे दोन आठवड्यांपलीकडे आजही नीट सांगता येत नाही.

पण या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. चंद्राला, ढगाला, नदीला आपल्याबद्दलचा अंदाज ऐकू येत नाही. उद्या पूर येणार असं जाहीर केलं म्हणून गंगा घाबरत नाही, की बँक तिचं कर्ज अडवत नाही. माणसाचं तसं नाही. माणसाबद्दलचा अंदाज कुणाच्या तरी हातात पडतो, आणि तो हात त्या अंदाजानुसार काहीतरी करतो.

हे महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये लिहून ठेवलंय. 'तृतीय रत्न' हे त्यांचं नाटक. गरोदर कुणबी बाईकडे जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या बाळाला धोका आहे म्हणून सांगतो. मग ग्रहशांती आली, ब्राह्मणभोजन आलं, त्यासाठी कर्ज आलं. जोश्याचं भाकीत खरं की खोटं, हा त्या नाटकातला छोटा प्रश्न आहे. मोठा प्रश्न हा की भाकीत करणारा आणि उतारा विकणारा माणूस एकच आहे. बाळ सुखरूप जन्मलं तर ते शांतीमुळे, नाही जन्मलं तर शांती कमी पडली. जोशी दोन्हीकडून सुटतो, अंगावर राहतं ते कर्ज. आणि शेवटी ते जोडपं कुठे जातं? फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत. दुसऱ्या, बऱ्या जोश्याकडे जात नाही, हे लक्षात घ्या. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने स्वीकारलं नाही आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडलं.

बरं, जोश्याला "नको" म्हणायची सोय तरी होती का? ग्रामजोशी हा वतनदार. १८७३ नंतर सत्यशोधक पद्धतीने भटाशिवाय लग्नं व्हायला लागली, तेव्हा जोशी कोर्टात गेले. आम्हाला बोलावलं नाही तरी दक्षिणा आमचीच, असा दावा. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोल्यांनी याविरुद्ध विधेयक आणलं आणि १९२६ मध्ये कायदा झाला. हे तेच बोले, ज्यांच्या १९२३ च्या ठरावाच्या आधारावर पुढे महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क आणि भाकीत नाकारण्याचा हक्क, दोन्ही एकाच माणसाने सभागृहात मांडले. ही जोडी मला फार आवडते.

पत्रिकेची परीक्षाही आपल्याकडे रीतसर झालीय. जयंत नारळीकर याच शहरात, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात वाढले. वडील तिथे गणिताचे प्राध्यापक होते, आणि १९५७ मध्ये नारळीकरांनी पदवीही तिथलीच घेतली. त्याच विद्यापीठात ज्योतिषाचाही विभाग आहे, हा योगायोग म्हणा हवं तर. नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून कोणती कुणाची ते सांगितलं. सगळ्यांत जास्त उत्तरं बरोबर आली ती चाळीसपैकी चोवीस, आणि सरासरी निम्म्याच्याही खाली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. हा अभ्यास २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. चार वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात दाभोलकरांचा खून झाला.

त्याही आधीची परीक्षा कबीराची. काशीत मेला तर मोक्ष, मगहरला मेला तर गाढवाचा जन्म, असं लोक मानायचे. कबीर आयुष्यभर काशीत राहिला आणि मरायला मगहरला गेला. बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुल्यांच्या बरोबरीने त्याला गुरू मानलं, ते उगाच नाही.

आता माझ्या धंद्याकडे येते. मॉडेल म्हणजे काय ते अगदी साध्या शब्दांत सांगते, कारण त्याच्याभोवती मुद्दाम धूर केला जातो. एक मोठा तक्ता घ्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. रकाने म्हणजे त्याची माहिती: वय, पगार, पिनकोड, मोबाइलचं रिचार्ज किती वेळा, पत्ता किती वर्षांचा. शेवटचा रकाना निकालाचा: कर्ज फेडलं की बुडवलं. अशा लाखो जुन्या ओळी यंत्र चाळतं आणि कोणत्या रकान्यांची कोणत्या निकालाशी जोडी जमते ते शोधतं. मग नवा माणूस आला की त्याचा शेवटचा रकाना रिकामा असतो, तो यंत्र भरतं. एवढंच. यंत्राला भविष्य दिसत नाही. त्याला मागचे लोक दिसतात आणि तुम्ही त्यांच्यापैकी कुणासारखे दिसता तेवढं ते सांगतं.

त्या तक्त्यात जातीचा रकाना नसतो. कंपन्या हे अभिमानाने सांगतात. पण पिनकोड असतो, आणि आपल्या गावात, शहरात कोण कुठे राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आडनाव असतं. शिक्षण मराठी माध्यमातलं की इंग्रजी, हे असतं. जात पुढच्या दाराने बाहेर काढली तरी मागच्या दाराने आत येते, तिला रस्ता माहीत आहे.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर गाव सोडायचं, थेट उन्हाळ्यात परत. सहा महिने गावचा पत्ता, सहा महिने कारखान्यावरची कोपी. मॉडेलच्या भाषेत हा "अस्थिर पत्ता". रिचार्ज कधी असतं, कधी नसतं, म्हणून "अनियमित ग्राहक". माझे वडील आयुष्यात कुणाचं देणं बुडवायचे नाहीत. बुडवायची सोयच नव्हती, मुकादम दारात असायचा. पण तक्त्यातल्या ओळीत हे कुठे बसणार?

आणि खरं सांगायचं तर भाकिताचं सगळ्यांत पक्कं मॉडेल मी कंपनीत नाही, मुकादमाकडे पाहिलं. नवराबायको मिळून एक कोयता. या कोयत्याने किती टन ऊस तोडला जाईल, याचा अंदाज बांधून तो उचल द्यायचा. आणि पुढच्या हंगामाला हा कोयता परत येणार, हे तो छातीठोकपणे सांगायचा. दरवर्षी खरं ठरायचं! कारण उचल फिटतच नव्हती. अंगावरची बाकी पुढच्या वर्षीवर जायची. तो भविष्य ओळखत नव्हता, त्याने ते बांधून ठेवलं होतं. "अचूक भाकीत" हे शब्द ऐकले की मला आधी तो मुकादम आठवतो. माणसांबद्दलचं एखादं भाकीत फारच अचूक निघत असेल, तर भाकीत करणाऱ्याच्या हातात दोर आहे का, हे आधी बघावं.

जिथे असा दोर नसतो तिथे काय होतं? याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाने दिलंय. तिथे २००० च्या आसपास जन्मलेल्या मुलांच्या चार हजारांहून अधिक कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. जन्मापासून नवव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाची जवळजवळ तेरा हजार प्रकारची माहिती जमली. मग संशोधकांना आव्हान दिलं: पंधराव्या वर्षी या मुलाचे मार्क किती असतील, घर जाईल का, ओढाताण किती असेल, सांगा. एकशे साठ चमू उतरले, उत्तमातली उत्तम यंत्रं घेऊन. २०२० मध्ये निकाल जाहीर झाला. सगळ्यांत चांगलं मॉडेलसुद्धा चांगलं नव्हतं. आणि तेरा हजार रकाने वापरणारी यंत्रं एका साध्या हिशोबाच्या थोडीशीच पुढे गेली. तो हिशोब चारच गोष्टींवर होता. आईचा वंश, आईचं शिक्षण, तिची वैवाहिक स्थिती, आणि तीच गोष्ट आधीच्या खेपेला कशी होती.

या निकालाकडे दोन बाजूंनी बघा. एक, आईचा वंश आणि शिक्षण यांत मुलाच्या भविष्याचा जो काही अंश कळतो, तो कळायला यंत्र लागत नाही. गावच्या पाटलाला तो न शिकता येत होता. आणि दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. उरलेला मोठा भाग कुणालाच कळला नाही. एखादी शिक्षिका भेटली, एखादं वसतिगृह मिळालं, एखाद्या मामाने फी भरली. या गोष्टींचा रकाना नसतो. मी हंगामी वसतिगृहात राहिले म्हणून शाळेत टिकले. माझ्या वर्गातल्या चार मुली आईबरोबर फडावर गेल्या आणि सोळाव्या वर्षी त्यांचं लग्न होऊन नवा कोयता तयार झाला. आम्ही पाचही जणी तक्त्यात सारख्याच दिसलो असतो.

घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्याची मागे ओळच नसते. यंत्र मागे बघतं आणि त्याला तुमच्यासारखे कमी दिसतात. मग ते तुम्हाला तुमच्या वस्तीची, शाळेची, गावाची सरासरी चिकटवतं. इंग्लंडमध्ये २०२० साली हे उघड्यावर घडलं. कोरोनामुळे बारावीच्या दर्जाच्या ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. कोणत्या मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती हे एका अल्गोरिदमने ठरवलं, आणि त्यात शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल धरले. जवळजवळ चाळीस टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा खाली आल्या. पूर्वी निकाल कमी लागणाऱ्या शाळेतल्या हुशार पोरांना फटका बसला. छोट्या वर्गांना हे सूत्र पूर्ण लागू नव्हतं आणि छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त, म्हणून ती मुलं बऱ्यापैकी वाचली. तुमच्या शाळेतून आजवर कुणी डॉक्टर झालं नाही, म्हणून तूही होणार नाहीस! विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि निकाल लागल्यापासून चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने ते सूत्र मागे घेतलं. जिंकले, कारण त्यांना कळलं की आपल्याला नापास करणारं एक सूत्र आहे. आपल्याकडे कर्ज नाकारलं जातं, नोकरीचा अर्ज वाचलाच जात नाही, तेव्हा असं सूत्र आहे हेसुद्धा कळत नाही. मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

आता सगळ्यांत गंभीर भाग. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. बाळ कोणत्या जमातीत जन्मलं यावरून ते पुढे गुन्हा करणार असं धरायचं. हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, तिथल्या आठवणी अजून घराघरांत आहेत. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. चोरी झाली की पोलीस आजही आधी कोणत्या वस्तीत जातात, हे पारधी पोराला विचारा.

पोलिसांचं रजिस्टर गुन्हे कुठे होतात हे सांगत नाही. पोलीस कुठे गेले हे सांगतं. हे रजिस्टर यंत्राला खाऊ घातलं की यंत्र म्हणणार, त्याच वस्तीत जा. तिथे गेलं की तिथेच माणसं सापडणार, नवीन नोंदी होणार, आणि यंत्र म्हणणार, बघा, माझं बरोबर होतं. दिल्ली पोलिसांनी इस्रोच्या मदतीने गुन्ह्यांचे नकाशे आणि अंदाज मांडणारी यंत्रणा उभी केली. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली, आणि गुन्ह्यांचा आगाऊ अंदाज घेणं हा तिच्या जाहीर उद्देशांपैकी एक आहे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. कागदावरचा रकाना काढायचा हुकूम झाला. संगणकातल्या पिनकोडचं काय, हा प्रश्न अजून कुणी न्यायालयात नीट नेलेला मला दिसत नाही. तुमच्यात वकिलीला जाणारे आहेत, म्हणून सांगते.

कुणी म्हणेल, मग मॉडेलं बंद करायची का? मी तीच भाकरी खाते, तसं म्हणणार नाही. पुराचं मॉडेल हवं. कोणत्या तालुक्यात कुपोषण वाढणार, कोणत्या शाळेतल्या मुली गळणार, याचंही हवं. म्हणजे तिथे आधी जाऊन अंगणवाडी, वसतिगृह उघडता येईल आणि ते भाकीत खोटं पाडता येईल. तोच "ही मुलगी शाळा सोडणार" हा आकडा सरकारी वसतिगृहाच्या हातात वेगळा, आणि शिष्यवृत्ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या कंपनीच्या हातात वेगळा. पहिला म्हणेल, हिला आधी जागा द्या. दुसरा म्हणेल, हिच्यावर पैसा कशाला घालवायचा.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण तुम्ही वाचलेलं असेल. राजकारणात समता आणि समाजात विषमता, ही विसंगती लवकर संपवली नाही तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल, असं ते म्हणाले. त्यात एक "तर" आहे. जोश्याच्या वाक्यात तो नसतो, कंपनीच्या स्कोअरमध्येही नसतो. सहाशे बारा म्हणजे सहाशे बारा.

थोडं कामाचं सांगते. तुमचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून. घरी गेल्यावर मागवा. त्यात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. बँकेने कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसतं. "सिस्टिमने घेतलं नाही" हे कारण नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती बघण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क दिलाय. पण यंत्राने केलेल्या निवाड्याचं स्पष्टीकरण मागण्याचा, माणसाकडून फेरतपासणी करून घेण्याचा स्वतंत्र हक्क त्यात नाही. युरोपात तशी तरतूद आहे. आपल्याकडे ती मागावी लागेल. जोश्याला "नको" म्हणायला सत्यशोधकांना १८७३ पासून १९२६ पर्यंत थांबावं लागलं. एवढा वेळ आपल्याकडे नाही.

आणि हो, एमपीएससीचा फॉर्म. शेवटची तारीख बघून भर.